भराव

भांडुपचा रंगाचा कारखाना बंद पडून अकरा वर्षं झाली, पण जयवंत परब काही तिथून हलला नाही. आधी तो तिथला स्टोअरकीपर होता, मग मालकाने त्यालाच वॉचमन म्हणून ठेवलं. घर कंपाऊंडच्या भिंतीला लागून, मागच्या चाळीत. चाळीच्या पलीकडे नाला. सकाळी भिंतीतल्या भगदाडातून वाकून आत शिरला की तो ड्युटीवर.

दोन वर्षांमागे डिसेंबरात मालकाचा मॅनेजर श्यामसुंदर त्याच्या केबिनशी येऊन उभा राहिला.

"उद्या परदेशी कंपनीची माणसं येतायत. डेटा सेंटर काढायचंय त्यांना, जागा बघणार. पाण्याचं विचारलं तर सांगायचं, घोट्याएवढं येतं, तासाभरात ओसरतं. कळलं ना?"

जयवंतने मान हलवली. नाही म्हणायची त्याला सवयच नव्हती.

दुसऱ्या दिवशी गाडीतून चौघं उतरली. दोन पुरुष लगेच ट्रान्सफॉर्मर बघायला गेले. राहिली एक लाल केसांची उंच बाई, ती इंजिनिअर, आणि तिचं बोलणं समजावून सांगायला वेन्डी. वेन्डी मुलुंडच्या गावठाणातली, अंधेरीच्या ऑफिसात कामाला. तिच्या हातात जाडजूड फॉर्म होता.

"एवढं काय भरायचं असतं गं?" जयवंतने विचारलं.

"तीन देश काढलेत काका. आपण, व्हिएतनाम आणि केनिया. वीज किती वेळा जाते, समुद्रातली केबल किती लांब, कायदे कसे, सरकार टिकतं का. एकशे बारा प्रश्न. ज्याला जास्त मार्क, तिथे सेंटर."

"देशाला मार्क?"

"हो ना," वेन्डी हसली.

फिरत फिरत ते जुन्या स्टोअरपाशी आले. बाईने नाल्याच्या दिशेला पाहिलं आणि काहीतरी विचारलं. वेन्डी म्हणाली, "काका, इथे पाणी भरतं का? जास्तीत जास्त कुठवर आलं होतं?"

श्यामसुंदर दहा पावलांवर उभा होता. घोट्याएवढं, एवढंच म्हणायचं होतं. पण ते उभे होते तिथेच, त्याच दाराशी, दोन हजार पाचच्या जुलैत धोंडू मेन स्विच पाडायला म्हणून पाण्यात उतरला होता. मालवणहून जयवंतच्या बरोबरीने मुंबईला आलेला माणूस. दुसऱ्या दिवशी पाणी उतरल्यावर तो ड्रमांच्या मागे सापडला. कारखान्याच्या कागदांत मात्र 'हृदयविकार' लिहिलं गेलं.

"छातीएवढं," जयवंत म्हणाला. "इथे माझा माणूस गेला."

बाईने त्याला दाराशी उभं केलं, छातीपर्यंत टेप लावला आणि आकडा लिहून घेतला. मग पुढचं विचारलं. पाणी कुठून शिरलं, किती तासांनी चढलं, कुठल्या बाजूने उतरलं. जयवंत सांगत गेला. नाला तुंबला की पाणी आधी चाळीत येतं, मग भगदाडांतून या मोकळ्या मैदानात पसरतं, म्हणून चाळीत फार चढत नाही. तिने तेही लिहून घेतलं. वेन्डी म्हणाली, तिचा देशच समुद्रापेक्षा खाली आहे, तिला पाणी समजतं. इतक्या वर्षांत त्या दिवसाबद्दल इतकं निगुतीने त्याला कोणी विचारलं नव्हतं. जाताना बाईने हात मिळवला. श्यामसुंदरने मात्र त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

घरी त्याची बायको प्रेमा म्हणाली, "तुमका कोणी सांगल्यान होता खरा बोलूक?"

"धोंडूचो जीव गेलो थंय. खोटा कसा बोलूचा?"

प्रेमाने त्याच्यापुढे ताट सरकवलं.

फेब्रुवारीत वेन्डीचा फोन आला. आवाज खुशीतला होता. "काका, आपला नंबर लागला. पुराच्या प्रश्नात आपण मार खाणार होतो, पण तुम्ही नेमकी उंची सांगितलीत ना, त्यावरून त्यांनी उपाय काढला. अख्खा प्लॉट अडीच मीटर उचलणार."

उचलणार म्हणजे काय, ते मार्चमध्ये दिसलं. डंपर लागले. रोज साठ-सत्तर गाड्या माती आणि डेब्रिज. जयवंतची नोकरी गेली, गेटवर एजन्सीची माणसं आली. जुनी भिंत पाडून तिथे सिमेंटची नवी भिंत उभी राहिली, चाळीच्या पत्र्यांहून उंच. तिला एक फट नव्हती. मे महिन्यात जयवंतने ओट्यावर उभं राहून ती भिंत या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिली. पाणी जिथे जायचं ती जागाच उरली नव्हती.

तो वॉर्ड ऑफिसात गेला. तिथल्या इंजिनिअरने नकाशा उघडून दाखवला. "प्लॅन पास आहे. प्लॉटच्या आत सगळं नियमात आहे, परब."

"आत नाही साहेब, बाहेर. आमच्याकडे."

"बाहेरचं नाल्याच्या खात्यात द्या." त्या खात्याने अर्ज घेतला, शिक्का मारून पोच दिली.

ऑगस्टात भर दुपारी नाला तुंबला आणि पाऊण तासात चाळीत कमरेएवढं पाणी झालं. पूर्वी एवढ्या पावसाला नुसती पायरी भिजायची. प्रेमाने पिठाचा डबा आणि औषधं माळ्यावर टाकली, दोघं स्वयंपाकाच्या ओट्यावर चढून बसली. भिंतीपलीकडे भराव कोरडा होता. पाणी दोन दिवस राहिलं. त्या महिन्यात असं तीनदा झालं.

जयवंतने वेन्डीला फोन लावला. रविवारी ती स्वतः आली. भिंतींवरची ओल बघितली, फोटो काढले, चहा घेतला नाही. तिथेच बसून तिने बाईला मेल लिहिला. चार दिवसांनी तिचा फोन आला.

"काका, तिने उत्तर दिलंय. वाईट वाटलं म्हणते. पण तिचं काम प्लॉटपुरतं होतं. फॉर्ममध्ये कंपाऊंडबाहेरचा प्रश्नच नव्हता."

"मी तर सांगितलं होतं तिला. चाळीतून पाणी कसं जातं ते."

"हो काका. मीच तर तुमचं बोलणं तिला सांगत होते. आता कुणाला सांगायचं मला कळत नाही."

प्रेमाला त्याने ते सांगितलं तेव्हा ती पोतेऱ्याने लादी पुसत होती. "जरा खोटा बोलला असतात तर काय बिघाडला असता?" ती रागावली नव्हती, नुसतं विचारत होती. जयवंतही एक फडकं घेऊन लादी पुसायला बसला. श्यामसुंदरचं ऐकलं असतं तर भराव पडला नसता, सेंटरची मशीनं बुडाली असती, घर वाचलं असतं. किंवा कोण जाणे, आणखी कोणी धोंडूसारखं गेलं असतं.

यंदा मे संपताना शेजारच्या नलिनीने त्याला हाक मारली. फ्रिज विटांवर चढवायचा होता. दोघांनी मिळून तो उचलला.

"भाऊ, किती थर लावू? यंदा कुठवर येईल?"

चाळीत हा प्रश्न सगळे त्यालाच विचारायचे, आणि तो ढग बघून बोटभर इकडेतिकडे न होता सांगायचा.

"माहीत नाही गं," तो म्हणाला. "आता मला नाही सांगता येत."

नलिनीने आणखी दोन विटा आणल्या.