भूमिकाची सायकल

गयाबाई अंगणात वड्या उलटत होती, तेवढ्यात भूमिका सायकल ढकलत घरी आली. कोपर सोललेलं, ओढणी नाही.

"चेन उतरली," एवढंच म्हणून ती न्हाणीत शिरली.

पण आईपासून किती लपणार? शाळेच्या वाटेवर, कोहक्याच्या वळणावर मोटरसायकलवरच्या दोघांनी तिची ओढणी खेचली होती. पोर पडली आणि खडी-गिट्टीचा डंपर डोक्याजवळून गेला.

"एक तेजरामकाकाचा प्रवीण होता, माँ."

संध्याकाळी भूमिकाचा बाप रामाजी प्लांटमधली पाळी संपवून आला. सगळं ऐकून त्याने आधी दार लावलं.

"नाव नोको काढू. तेजराम माह्या शिफ्टचा मानूस हाये. बदनामी पोरीचीच होईन. उद्यापासून शाळा बंद. एखादं पोरगं पाहून टाकू."

"पन इसमें मेरी क्या गलती, बाबा?"

रामाजीने सायकलला कुलूप घातलं.

गयाबाईला हर्षा आठवली. शेजारच्या मैनाबाईने आपल्या या लेकीची सायकल अशीच बंद केली होती. मोहल्ल्याने शहाणपणा म्हणून वाखाणलं. सोळाव्या वर्षी लग्न, पाठोपाठ बाळंतपण. माहेरी परत आली ती फक्त तिची पेटी.

सकाळी रामाजीने पाहिलं तर मायलेकी चपला घालून दारात.

"कुठी चालली?"

"शाळेत. पायी. मी संग जातो."

"लोक काय म्हनतीन?"

"पोरीची सायकल तुमी बंद केली. त्या पोराची गाडी कोन बंद करन?"

गयाबाई आधी तेजरामच्या दारात थांबली आणि प्रवीणचं नाव घेऊन, सगळ्यांसमोर बोलली. तेजराम हसला. "पोरं हायेत वहिनी, मस्ती करतेत."

गल्लीतली दारं किलकिली झाली. मग मैनाबाई पदर खोचत बाहेर आली.

"माह्या घरचं आता कोनी शाळेत जात नाई," ती म्हणाली. "तरी बी मी येतो."

तिच्यामागून गल्लीतली शाळकरी टीना आली, आणखी दोन पोरी आल्या. त्यांच्याही ओढण्या कधीतरी खेचल्या गेल्या होत्या. घरी सांगायची सोय नव्हती.

वळणावर मोटरसायकल उभी होती. प्रवीणने त्यांना येताना पाहिलं आणि किक मारली. गाडी गुरगुरली, पुन्हा गुरगुरली. मागून डंपर येत होता.

गयाबाईने भूमिकाला आतल्या बाजूला घेतलं, मैनाबाईचा हात धरला आणि थेट त्या गाडीकडे चालू लागली.