नऊ मीटरचा उतार

"ताई, हा उतार जरा खाली आणा की!" साहेब तिच्या खुर्चीमागे येऊन म्हणाले.

पडद्यावर डोंगराचा एक तुकडा होता. मोजणीदाराने दिलेल्या बेचाळीस बिंदूंच्या उंच्या तिने सकाळपासून एकेक करून भरल्या होत्या, आणि त्यांवर जाळं ताणून कॉम्प्युटरने जमीन उभी केली होती. माथ्यापासून पायथ्यापर्यंत नऊ मीटर.

"सहा करा. नऊला माती अडवायची भिंत केवढी लागेल! प्लॉटचा मालक एवढ्या खर्चाला ऐकायचा नाही."

"पण साहेब, जमीन नऊच आहे ना."

"जमिनीला कोण विचारतंय? मंजुरी कागदाला मिळते."

एकोणीस वर्षं ती या ऑफिसात नकाशे काढत होती. शेकडो चढउतार उभे केले; पाय एकावरही ठेवला नव्हता. दुपारी तिने गुपचूप मोजणीदाराला फोन लावला.

"नऊ म्हणजे नऊच, ताई. तीनदा मोजलंय. खाली एक घर आहे, तिथल्या आजी म्हणत होत्या, पावसात माती दारापर्यंत येते."

तिने ते घर उताराच्या पायाशी काढलं आणि केबिनमध्ये गेली.

"माझ्या हातून हे नाही व्हायचं."

साहेब चिडले नाहीत. त्याचीच तिला भीती वाटली.

"मिस्टर कसे आहेत तुमचे? उठून बसतात का आता?"

"नाही."

दोन वर्षं नवरा अंथरुणाला खिळलेला. तिचा हात दगडाखाली होता, आणि साहेबांना दगडाचं वजन ठाऊक होतं.

ते बाहेर येऊन तिच्याच खुर्चीत बसले. माउस फिरवताच डोंगर गरकन उलटा झाला.

"अरेच्चा! ताई, कुठे दाबायचं? आधी हे घर काढून टाकू. आपल्या प्लॉटात नाही ते."

बाकीचे आपापल्या पडद्यांत डोकं खुपसून बसले होते.  तिने वाकून बोटाने दाखवलं.

"इथे. मग उंची भरा."

घर गेलं. एकेक बिंदू खाली आला.

"सोपं आहे की! बसा, आता भिंत काढा."

खुर्ची त्यांच्या अंगाने गरम झाली होती. तिने भिंत काढली. छोटी, नीटस.

नकाशाच्या कोपऱ्यात काढणाऱ्याच्या नावाचा चौकोन असतो. आजवर त्यात तिची आद्याक्षरं कधी चुकली नव्हती. आज तो कोरा ठेवून तिने प्रिंट दिली.

साहेबांनी ती न पाहताच गुंडाळली.