पेइंच्या घरची विझलेली चूल

मी पेइंच्या घरची चूल बोलतेय. लिआंगची आई या घरात नवी सून म्हणून आली, तेव्हा पिवळ्या मातीत गव्हाचा भुसा मळून तिने मला घातलं. समोर मिएन डोंगर. तोंडाशी लाकूड, पोटात निखारे आणि डोक्यावर राळ्याची पेज, याहून जास्त मला काही नको होतं.

पण आमच्याकडे ऐन थंडीत शिळ्या, गार जेवणाचा सण येतो आणि महिनाभर गावात एकही चूल पेटत नाही. फार पूर्वी एक राजपुत्र परागंदा झाला होता. तो भुकेने मरायला टेकला, तेव्हा एका सेवकाने स्वतःच्या मांडीचं मांस त्याला रांधून घातलं. गादी मिळाल्यावर राजा त्याला साफ विसरला. सेवक आईला घेऊन या डोंगरात निघून गेला. राजाला उशिरा जाग आली. सेवकाने बाहेर यावं म्हणून त्याने डोंगरालाच आग लावली. मायलेक जळून गेले. मग राजा रडला आणि विस्तवावर बंदी घातली. चूक राजाची, उपास आमचा!

ही बंदी मोडली तर गारा पडून पीक जातं, असं सगळे मानतात. म्हणून गावातले वडीलधारे थानबाबा रोज सकाळी घरोघरच्या राखेत कोंबडीचं पीस खुपसून बघायचे. पीस करपलं की त्या घराची अब्रू गेली.

लिआंग गावचा मास्तर. त्या वर्षी सणाची कविता रचायचा मान त्याला मिळाला होता, आणि त्याच्या आईच्या छातीत कफ दाटला होता. माझ्या गार पाठीशी अंथरूण घालून ती कुडकुडत होती. मला रडू येत होतं.

"लिआंग, घोटभर गरम पाणी दे रे."

त्याची बायको चिआओ लाकडं घेऊन आली. "गारा पडायच्या तर माझ्या टाळक्यात पडू देत. सरका तुम्ही."

"खुळी आहेस का?" लिआंग आडवा आला. "थानबाबा येतील एवढ्यात. सणाची कविता लिहिणाऱ्याच्याच घरात धूर? गाव तोंडात शेण घालेल. आई, थोडेच दिवस राहिलेत, कळ काढ."

"तुझ्या कवितेतली म्हातारी सुखी रे," आई म्हणाली. "तिला ऊब तरी मिळाली."

थानबाबा आले. पीस खुपसलं, काढलं. पांढरंशुभ्र.

"शाब्बास मास्तर! मुलगा असावा तर असा. काय वहिनी?" त्यांनी लिआंगच्या आईला विचारलं.

वहिनी बोलेनात. चिआओने त्यांच्या कपाळाला हात लावला आणि हंबरडा फोडला.

लिआंगने सणासाठी आधी रचलेली कविता पुसून टाकली आणि देवळाच्या भिंतीवर चारच ओळी लिहिल्या:

राजाने आग लावली, डोंगरात एक आई गेली.
आम्ही आग विझवली, अंथरुणात एक आई गेली.
डोंगरा, तुझी राख केव्हाच निवली,
आम्ही अजून कुणाला भितो?

गावाला कविता फार आवडली. यात व्रताची थोरवी आहे, असं शहाणे लोक समजावून सांगू लागले. लिआंग मरेपर्यंत सांगत राहिला, "अरे, ही स्तुती नाही, माझा गुन्हा आहे." लोक म्हणाले, मास्तर किती नम्र!

आता तो नाही, चिआओ नाही. मला भेगा पडल्यात. सण उद्यावर आलाय. लिआंगची नातसून तापाने फणफणलेलं तान्हं पाठीशी बांधून माझ्यातले निखारे उपसतेय, आणि त्याला निजवायला तीच कविता गुणगुणतेय.

बाई गं, नुसती म्हणू नकोस. काय म्हणतेयस ते एकदा ऐक, आणि एवढा शेवटचा निखारा राहू दे.