धाकट्या साडूचा ट्रक

दातांच्या डॉक्टरला ट्रक कशाला लागतो, हा प्रश्न फरशीवाल्याने पहिल्या दिवशी मनातल्या मनात विचारला, दुसऱ्या दिवशी बायकोला विचारला आणि मग दुकानात येईल त्या गिऱ्हाइकाला विचारत सुटला. दात ही काय वजनाची वस्तू आहे? अख्ख्या शहराचे दात एकदम उपटले तरी चार पोत्यांत मावतील.

"अहो, घेतली त्यांनी गाडी हौसेने," बायको म्हणाली. "तुमच्या का पोटात दुखतंय?"

"माझ्या पोटात काही दुखत नाहीये. मी फक्त विचारतोय."

दुखत होतं. डॉक्टर म्हणजे त्याच्या मेहुणीचा नवरा, धाकटा साडू. आणि सासरच्या माणसांत ट्रक एकच, तो आपला, या भरवशावर फरशीवाल्याने अर्धं आयुष्य काढलं होतं. फरशा वाहण्यासाठी घेतलेला त्याचा जुना पिकअप सगळ्या घराण्याचा होऊन बसला होता. कपाट हलवायचंय? थोरल्या जावयाला सांगा. फ्रीज वर चढवायचाय? थोरल्या जावयाला सांगा. तो दर वेळी वैतागायचा, "मला दुसरा उद्योग नाही का?" म्हणायचा आणि दर वेळी जायचा. त्याला न बोलावता एखाद्याने टेम्पो ठरवलाच, तर महिनाभर त्या माणसाशी जेवढ्यास तेवढं बोलायचा.

या सगळ्यात वरचा नंबर सासऱ्यांचा. सासरे पुस्तकं बांधायचे. वकिलांचे जाडजूड खंड, कचेऱ्यांची रजिस्टरं, फाटलेले शब्दकोश. कागदाचे गठ्ठे आणायला गोदामात जायचं तर ते फरशीवाल्याच्या शेजारी बसायचे, कोपर खिडकीवर टेकवून. बोलायचे फार थोडं. ट्रक खड्ड्यात आदळला की "हं" म्हणायचे. ती "हं" ऐकायला फरशीवाला दुकान नोकराच्या हवाली करून जायचा. लग्न झालं तेव्हा सासरे त्याला "अहो जावईबापू" म्हणायचे. गोदामाच्या फेऱ्यांत कधीतरी त्याचं "अरे" झालं. तारीख त्याने लिहून ठेवली नव्हती, पण विचारली असती तर रस्त्यावरचा खड्डा दाखवला असता.

आता डॉक्टरने सासऱ्यांना नव्या गाडीतून डोळे तपासायला नेलं आणि परत आल्यावर सासरे म्हणाले, "पोटातलं पाणी हललं नाही."

हे वाक्य फरशीवाल्याच्या कानात कुसळासारखं अडकून बसलं.

रविवारी सगळे सासऱ्यांकडे जमले तेव्हा ती गाडी दारातच उभी होती. पुढून मोटार, मागून हौदा. हौद्यावर घडीचं झाकण, तळाला रबरी चटई, चटईवर एक कुंडी आणि कुंडीतल्या रोपट्यालाही पट्टा बांधलेला.

"हा माल वाहता वाटतं?" फरशीवाल्याने विचारलं.

"रोपवाटिकेतून आणलं, दादा. माती सांडली नाही जराही," डॉक्टर कौतुकाने म्हणाला. टोमणा त्याला लागतच नसे. काही माणसांना डास चावत नाहीत, तसं.

"बाबा, जरा इकडे या," म्हणत फरशीवाल्याने सासऱ्यांना हाताला धरून आपल्या ट्रककडे नेलं. "हे बघा. केबिन इथे संपली. हौदा इथे सुरू झाला. मधे फट आहे. घाला बोट."

सासऱ्यांनी बोट घातलं.

"गेलं?"

"गेलं. तेल लागलं."

"ते लागणारच. म्हणजे काय, की खाली शिडीसारखी चासी आहे. तिच्यावर केबिन वेगळी ठेवली, हौदा वेगळा ठेवला. रस्ता वाकडा झाला की दोन्ही आपापले हलतात. याला म्हणायचं ट्रक. आता त्या गाडीकडे चला."

डॉक्टरच्या गाडीत त्या जागी नुसती रेघ होती. बोट सोडा, नखही जाईना.

"बघितलंत? रेघ ओढलीय! फट असल्याचं सोंग! मोटारीचाच सांगाडा आहे हा, अखंड. शेपूट लावलेली मोटार आहे ही!"

डॉक्टर गुडघ्यावर हात ठेवून वाकला आणि मोठ्या आस्थेने रेघ पाहू लागला. "खरंच की. आमच्याकडेही करतात हो असं. अख्खी पट्टी एकसंध बनवतात आणि मधे रेघा पाडतात, वेगवेगळे दात दिसावेत म्हणून. लोक ऊस खातात त्याने."

सगळे हसले. सासरे सगळ्यांत जास्त हसले. डॉक्टरशी भांडायचं म्हणजे हीच पंचाईत होती. तो प्रत्येक गोष्ट मान्य करायचा. ज्या दारावर धडक मारायची ते उघडंच असलं, तर माणूस तोंडावर आपटतो.

मत्सराने दाढ दुखते असं वैद्यकशास्त्रात कुठे नाही, पण त्याच आठवड्यात फरशीवाल्याची दाढ ठणकू लागली. चार दिवस त्याने लवंग धरून काढले. पाचव्या दिवशी बायकोने त्याला साडूच्या दवाखान्यात नेऊन खुर्चीत घातलं.

तोंड सताड उघडं, गालात कापूस, वर दिवा. डॉक्टरने सुई टोचली आणि गप्पा सुरू केल्या.

"बरं झालं भेटलात, दादा. बाबांचं बोलायचंच होतं. आता एकटे नको राहायला. तुमचा तिसरा मजला, लिफ्ट नाही, त्यांचे गुडघे हे असे. आमची खालची खोली रिकामीच आहे. तिथे आणावं म्हणतो."

"आँ," फरशीवाला म्हणाला.

"तुमची हरकत नाही ना?"

"आँऽऽ!"

"मला वाटलंच. ताई पण म्हणाल्या, त्यांची हरकत नसेल." डॉक्टरने दुसरं हत्यार उचललं. "आता प्रश्न त्या कागद कापायच्या यंत्राचा. ते म्हणतात, यंत्र आलं तर मी आलो. अख्खं बिडाचं आहे. माझ्या गाडीत जाईल का हो? तुम्ही त्यातले जाणकार. ट्रक म्हणावं का हिला, की नाही?"

फरशीवाल्याने सगळ्या ताकदीनिशी उत्तर द्यायचा प्रयत्न केला.

"जीभ हलवू नका," डॉक्टर म्हणाला.

बधिरता उतरली तेव्हा सगळं ठरून गेलं होतं. उरला होता फक्त यंत्राचा प्रश्न. फरशीवाल्याने तोच घट्ट धरला. खोली तुझी, तळमजला तुझा, गुडघेही तुझ्याच बाजूचे. निदान यंत्र तरी माझ्या ट्रकमधून जाईल.

निवाडा सासऱ्यांनीच करायचा होता. संध्याकाळी त्यांच्या कामाच्या खोलीत चहा झाला. भिंतीपाशी ते यंत्र उभं होतं, वर मोठं चाक, खाली पातं, बाजूची लोखंडी मूठ सासऱ्यांच्या हाताने घासून चकचकीत झालेली. मेहुणी माहेरच्या सवयीने त्याच्यावर पदराचं टोक फिरवत होती.

"भावोजी, दोन्ही गाड्या चार चाकांच्याच की," ती म्हणाली. "कशाला एवढं?"

"चार चाकं हातगाडीलाही असतात," फरशीवाला उभा राहिला. "बाबा, मी स्वच्छ सांगतो. डॉक्टरांची गाडी माणसांसाठी केलीय. मऊ सीट, थंड हवा, गाणी. मागे हौदा आहे, तो आपला चवीपुरता. माझा ट्रक पाहा. त्यात माणसासाठी काही म्हणजे काही नाही! चाकांवरचे स्प्रिंगांचे कमानपाटे मणक्यात शिरतात. सीट म्हणजे फळकुट. काच खाली केली की वर येत नाही. का? तर तो मालासाठी जन्माला आलाय. माणूस त्यात बसतो तो नाइलाजाने, चालवायला कोणीतरी लागतं म्हणून!"

एवढं सुंदर भाषण त्याने आयुष्यात केलं नव्हतं. बायकोसुद्धा चकित होऊन पाहत राहिली.

सासऱ्यांनी चहाचा कप खाली ठेवला. समोरच्या ढिगातून एक पातळ पुस्तक उचललं, एक जाड.

"हे डिंकाने चिकटवलेलं," ते म्हणाले. "हे शिवलेलं. चिकटवलेलं पुस्तक नाही, असं मी म्हणणार नाही. लोक वाचतात. पण शब्दकोश मी चिकटवून देत नाही. पानं गळतात." त्यांनी यंत्राकडे पाहिलं. "हा शब्दकोश आहे. हा ट्रकमधून जाईल."

"म्हणजे माझ्या," फरशीवाला म्हणाला.

"ट्रक आहे कुणाचा दुसरा?"

"बरोबर आहे बाबांचं," डॉक्टर म्हणाला, आणि मनापासून म्हणाला, हलकट.

त्या रात्री फरशीवाल्याची दाढ अजिबात दुखली नाही.

हलवण्याच्या दिवशी त्याने ट्रक धुतला, हौद्यात फळ्या आणि जुन्या गाद्या टाकल्या. हमालांनी यंत्र पाइपांवर सरकवत दाराबाहेर आणलं, मग उतरत्या फळीवरून दोर लावून वर ओढलं. फरशीवाला ओरडत होता, "डावीकडे! अरे तुमचं डावीकडे!" यंत्र हौद्यात बसलं तसा ट्रक मागून हातभर खाली गेला आणि थांबला. फरशीवाल्याने विजयाने इकडे तिकडे पाहिलं. डॉक्टर टाळ्या वाजवत होता.

केबिनमधली डावी बाजू त्याने आधीच पुसून ठेवली होती. सीटवर घरातली उशीही आणून ठेवली होती. त्याने दार उघडलं. "चला, बाबा."

सासरे डॉक्टरच्या गाडीत बसलेले होते. पट्टासुद्धा लावून झाला होता.

"अरे, तू यंत्र घेऊन ये," ते खिडकीतून म्हणाले. "तूच म्हणालास ना, ट्रकात माणसासाठी काही नाही म्हणून. आम्ही आपले मोटारीत बसतो."

मागच्या सीटवर मेहुणी आणि तिच्या शेजारी, मांडीवर सासऱ्यांची पुस्तकं शिवायची पेटी घेऊन, त्याची स्वतःची बायको.

"तू पण?"

"अहो, मी काय माल आहे का?" ती म्हणाली आणि काच वर केली. ती काच वर गेलीसुद्धा, आवाज न करता.

तर अशी वरात निघाली. पुढे शेपूट लावलेली मोटार, तिच्यात सगळं सासर, बायकोसकट. मागे खरा ट्रक, त्यात फरशीवाला, एक उशी आणि बिडाचं यंत्र. पुढच्या काचेतून त्याला चार डोकी दिसत होती. मधूनमधून ती हसून हलत. आपल्यावर हसत असतील का? की आपल्याबद्दल बोलतच नसतील? दुसरी शक्यता जास्त झोंबली. एवढा युक्तिवाद, एवढा अभ्यास, आणि निकाल शंभर टक्के आपल्या बाजूने. आयुष्यात पहिल्यांदा सगळ्यांनी त्याचं म्हणणं अक्षरशः ऐकलं होतं.

पुढच्या गाडीतलं एक डोकं मात्र सारखं मागे वळत होतं. सिग्नलला ती गाडी थांबली, दार उघडलं आणि सासरे गुडघे सांभाळत उतरले. चालत ट्रकपाशी आले आणि वर चढू लागले. फरशीवाल्याने घाईघाईने हात दिला.

"काय झालं, बाबा?"

"तिथून यंत्र दिसत नाही," सासरे म्हणाले, धापा टाकत उशीवर बसले आणि मान वळवून मागच्या काचेतून पाहू लागले. "आहे ना नीट?"

तेव्हा फरशीवाल्याला यंत्राचा हेवा वाटला. डॉक्टर परवडला. तो निदान माणूस होता.

ट्रक सुटला. आता मागे वजन होतं, त्यामुळे कमानपाटे नीट दबले होते आणि एरवी आदळआपट करणारा ट्रक शहाण्यासारखा चालत होता. खड्डा आला आणि गेला. सासऱ्यांनी "हं" म्हटलं नाही.

"आज बरा चाललाय की," ते म्हणाले आणि कोपर खिडकीवर टेकवलं.

"वजन आहे मागे," फरशीवाला म्हणाला. खोटं बोलायला हरकत नव्हती, पण हे खरं होतं आणि त्याला ते दुसऱ्या कुणी सांगितलेलं चाललं नसतं. यंत्र उतरलं की ट्रक पुन्हा उडू लागणार. यंत्र उतरलं की काम थांबणार, मग कागदाचे गठ्ठेही नकोत, गोदाम नको. खालच्या खोलीत सासरे बसणार, आणि रोज सकाळी डॉक्टर त्यांना विचारणार, "कसे आहात, बाबा?" सासरे म्हणणार, "तुम्ही कसे आहात?" म्हणेनात का "तुम्ही", रोज तर म्हणणार.

समोर डॉक्टरच्या गाडीने उजवीकडचा दिवा लावला आणि ती त्याच्या गल्लीत वळली. फरशीवाला सरळ गेला.

"अरे, वळायचं होतं ना?" सासऱ्यांनी विचारलं.

"तिथून ट्रकला बंदी आहे, बाबा. वळसा घालून जावं लागेल."

सासऱ्यांनी मान वळवून गल्लीच्या तोंडाशी पाहिलं. तिथे कसलीही पाटी नव्हती. याच गल्लीतून फरशीवाल्याने डॉक्टरच्या दवाखान्याच्या फरशा वाहिल्या होत्या, आणि त्यातल्या एका फेरीला शेजारी सासरे बसले होते.

फरशीवाल्याच्या खिशात फोन वाजू लागला. मेहुणी असणार. त्याने तो वाजू दिला.

"मोटारींना आहे का बंदी?" सासऱ्यांनी विचारलं.

"नाही. मोटारी जातात."

"हं," सासरे म्हणाले. त्यांनी बुडाखालची उशी सारखी केली. "मग काय इलाज. ट्रक आहे हा."

फरशीवाल्याने गिअर एक खाली घेतला. पुढचं वळणही त्याने सोडून दिलं.