चार ग्रॅम, अर्धा लिटर

डोक्यातली गुठळी विरघळली, पण जाताना माझं रसायनशास्त्र बरंचसं घेऊन गेली. बोलणं परत आलं, चालणं आलं, चिडणं तर सगळ्यांत आधी आलं. समीकरणं मात्र आज आली की उद्या गेली. डॉक्टर म्हणाले, रोज साधी साधी गणितं सोडवा. जन्मभर लोकांच्या पोरांना रसायनं मोजायचे मोल शिकवले, आणि आता संध्याकाळी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बायको मला मोल विचारत होती.

बायको बँकेत काउंटरला. दिवसभर लोकांची कटकट ऐकून यायची, माझी आंघोळ, गोळ्या, स्वयंपाक उरकायची आणि मग पुस्तक उघडायची. ती उदाहरण वाचायची, मी कागदावर खरडून उत्तर सांगायचो, ती मागच्या पानावर उत्तर बघायची. सुरुवातीला चूक म्हणायची. हल्ली बरोबरच म्हणत होती. मला हुरूप आला होता.

हेडसर फोनवर म्हणाले होते, "अकरावीचा वर्ग तुमचाच आहे. जमेल असं वाटलं की सांगा आणि सोमवारपासून या. मी काही तुमची परीक्षा घेणार नाही." त्यांना कळवायचं राहिलं होतं. मी हो म्हणणार होतो.

त्या दिवशी दोघंही पार थकलो होतो. मिथेनचं ज्वलन बरोबर. चुनखडीवर आम्ल, तेही बरोबर. इतकं सलग बरोबर माझ्या हुशार पोरांचंही कधी आलं नव्हतं. मास्तरचा स्वभाव, मनात पाल चुकचुकली. पाट्या टाकणारा परीक्षक मला नुसत्या आवाजावरून कळतो.

"चार ग्रॅम सोडियम हायड्रॉक्साइड पाण्यात विरघळवून," ती वाचत होती, "अर्धा लिटर द्रावण केलं. मोलॅरिटी काढा."

एका लिटरात किती मोल, एवढंच विचारलं होतं; हे मला येत होतं. चाळीस ग्रॅमचा एक मोल, म्हणजे चार ग्रॅम हा मोलचा दहावा भाग, तोही अर्ध्या लिटरात. शून्य पूर्णांक दोन. शपथेवर सांगितलं असतं. पण मी खडा टाकून पाहिला.

"वीस."

तिनं मागचं पान उघडलं, उत्तर पाहिलं. "बरोबर."

"वीस यायला चारशे ग्रॅम लागतील गं."

मला इतका राग आला की मी पेन्सिल टेबलावर आपटली.

"कधीपासून चाललंय हे?"

"चूक म्हटलं की तुम्ही भरल्या ताटावरून उठायचात," ती पुस्तकाकडे बघत म्हणाली. "मग माझ्याही घशाखाली घास उतरायचा नाही. आणि सकाळी काउंटरला उभं राहायचं असतं हो मला. नाही झालं माझ्यानं."

"आणि खरंच बरोबर आलं असेल तर?"

"तेव्हाही बरोबरच म्हणायचे."

राग गेला आणि भीती वाटली. मला काय येतं आणि काय येत नाही, हे या घरात कुणालाच ठाऊक नव्हतं. वर्गात निदान खडू पुसता येतो. प्रयोगशाळेत पोरांच्या हातात आम्ल असतं, आणि किती पाण्यात किती घालायचं ते मी सांगणार.

मी हेडसरांना फोन लावला. "सोमवारचा वर्ग दुसऱ्या कुणाला तरी द्या."

"तुम्ही कधी येताय मग?"

"ते मलाही माहीत नाही."

मी फोन ठेवला. ती म्हणाली, "वाढू का?"

"आधी एक वाच."

तिनं वाचलं. मी सोडवलं, पुन्हा एकदा पाहिलं, उत्तर सांगितलं. तिनं मागच्या पानावर बोट ठेवलं, ते ओळीओळीनं खाली नेलं, थांबवलं. माझ्याकडे बघायला तिला जड जात होतं.

"चूक," ती म्हणाली.

"वाढ आता," मी म्हणालो, आणि ताटातलं सगळं संपवलं. तीही जेवली.