वाटीवरचं नाव

संयोगिताबाईंच्या पाककृतींच्या पुस्तकाचं मुखपृष्ठ झकास झालं होतं: पांढऱ्या रश्श्यानं काठोकाठ भरलेली स्टीलची वाटी. आतल्या पानावर त्या रश्श्याच्या कृतीखाली घातलं होतं, ‘माझी खास पाककृती’. एवढ्यात शाहूपुरीतून उन्मेषचा, पुस्तकाची मांडणी करणाऱ्या पोराचा, फोन आला.

"मॅडम, वाटीवरचं नाव स्पष्ट वाचता येतंय. सौ. शालूबाई पाटील."

बाईंचा चेहराच उतरला. रस्सा शेजारच्या शालूबाईंचाच. खसखशीबरोबर भिजवलेला घनसाळ तांदूळ वाटायची युक्तीही त्यांचीच. कधीतरी त्यांच्याकडून आलेली वाटी परत करायची राहिली आणि फोटोच्या गडबडीत नेमकी तीच हाती लागली. असल्या विसरभोळ्यांसाठीच तर लोक भांड्यांवर नावं घालून घेतात. पण पुस्तकात शालूबाईंचं नाव द्यायला बाई विसरल्या नव्हत्या, त्यांनी ते गाळलं होतं. शाळेतून निवृत्त झाल्यावर एक तरी गोष्ट पुरती आपली असावी, असं त्यांना फार वाटत होतं.

"पुसून टाका," त्या म्हणाल्या.

फोन ठेवतात तोच शालूबाई दारात. टेबलावरचा मुखपृष्ठाचा छापील नमुना त्यांनी उचलला, चष्मा लावला आणि वाटीवरच्या नावावरून बोट फिरवलं.

"माझं नाव? त्येबी म्होरं, पुस्तकावर?" त्यांनी तो कागद छातीशी धरला. "असं कोण करतंय गं? समदी आपापलंच नाव लावत्यात की."

संयोगिताबाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यांनी तिथंच फोन लावला.

"उन्मेष, नाव पुसू नका. आणि आत ‘माझी खास’ काढून ‘शालूबाईंचा पांढरा रस्सा’ घाला."

शालूबाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "म्हंजी पुसणार हुतीस?"

"होय वहिनी. चुकलं माझं."

"हं. वाटी कुठाय माझी?"

भांडं रिकामं कसं द्यायचं, म्हणून बाईंनी सकाळचाच रस्सा वाटीत ओतून पुढं केला. शालूबाईंनी एक घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं.

"मीठ किती लिवलंयस?"

"अर्धा चमचा."

"पातेलंभर रश्श्याला? मग माझं नाव काढ बघू. असल्या आळणी रश्श्याला मी नाव देत न्हाय."

संयोगिताबाईंनी हसत हसत पुन्हा उन्मेषला फोन लावला आणि मीठ किती ते सांगायला तो शालूबाईंच्याच हातात दिला.