सतरा नंबरचा चेहरा

मानसशास्त्राच्या प्रयोगशाळेत काका शिपाई होते, पण ऐट अशी, की अख्खं संशोधन यांच्याच खांद्यावर उभं आहे! आणि थोडंफार होतंही. बारा वर्षांपूर्वी पूर्वग्रहाच्या चाचणीसाठी प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडमना पुलापलीकडच्या वस्तीतले रापलेले चेहरे हवे होते, तेव्हा त्याच वस्तीत राहणाऱ्या काकांनी हौसेनं आपला फोटो दिला. केस-कान कापून नुसता चेहरा ठेवला आणि त्याला नंबर पडला सतरा.

चाचणी साधीच. पडद्यावर चेहरा चमकतो न चमकतो तोच बटण दाबायचं. डावं म्हणजे ‘भरवशाचा’, उजवं म्हणजे ‘धोक्याचा’. वस्तीतल्या चेहऱ्यांना उजवंच मिळायचं; त्या बटणावरचं अक्षर पार पुसलं गेलं होतं. निकालाचे कागद फाइलला लावताना काका सतरा नंबर हटकून बघायचे.

“आज तेवीस जणांनी मला चोर ठरवलं, मॅडम. घरी मात्र मला मांजरही घाबरत नाही!”

परवा त्यांची मुलगी चाचणीला बसली. कॉलेजचं पहिलं वर्ष, आईविना वाढवलेली एकुलती एक पोर. फोटोचं काकांनी तिला मुद्दाम सांगितलं नव्हतं. जगानं काही का म्हणेना, पोर तरी डावं बटण दाबेल, एवढीच त्यांची आशा.

तिचा कागद हातात आला. सतरा नंबर तीनदा आला होता. तिन्ही वेळा उजवं.

काकांनी कागद मॅडमपुढे धरला. मॅडमनी सतरा नंबर पाहिला. “अहो काका, तेवढ्या वेळात माणूस ओळखूच येत नाही. समाज शिकवतो तसं बोट चालतं.”

“समाज कशाला, मॅडम? ‘त्या वस्तीतल्या लोकांपासून चार हात लांब राहा, त्यांचा भरवसा नाही,’ हे तिला रोज मीच शिकवलं. पोर शिकून बाहेर पडावी म्हणून. त्या लोकांत मीही आलो, हे ध्यानातच आलं नाही हो.”

“तुमचा फोटो काढून टाकते मी.”

“नको. दुसऱ्या कुणाचा लावाल. त्यालाही लेक असेल.”

फाटकापाशी मुलगी वाट बघत उभी होती. “बाबा, कशी झाली माझी चाचणी? एकदासुद्धा अडखळले नाही मी!”

काकांना रडू आवरेना. डोळ्यांत कचरा गेला म्हणाले, आणि तिच्या हातातली पिशवी त्यांनी आपल्या हातात घेतली.